बुजगावण्याची बदली

वाशीमला आमच्या मंडळानं गावालगतचं तळं पाखरांसाठी राखलं. कुणीही यावं, बसावं. बंदूक तेवढी आणू नये. सर्वांत जास्त ओरडले ते शेजारच्या मळ्याचे मालक. "राहाले तुमचं तळं, अन् जेवाले माहा मळा काहून?"

त्यांच्या पेरूवर पोपट उतरले की ते गोफण उचलत, पण आधी मनसोक्त शिव्या देत. शिव्या संपेपर्यंत पोपटांचं जेवण आटोपलेलं असे.

एकदा टांग्यातून दोघं हौशी शिकारी आले आणि बदकं टिपून गेले. आम्ही निषेधाच्या ठरावावर वाद घालत बसलो. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या वाटेवर पोलीस दिसला. मी दुरूनच रामराम केला. जवळ गेलो तर त्याच्या डोक्यावर साळुंकी बसलेली! मालकांनी मळ्यातल्या बुजगावण्याला खाकी कोट चढवून तिथं उभं केलं होतं.

पुढच्या खेपेला शिकाऱ्यांचा टांगा लांबूनच वळला.

"अन् तुमचे पेरू?" मी मालकांना विचारलं.

"मले काय विचारून राह्यले? आमचा गडी सरकारी नोकरीत लागला, आता सोयरे बिनघोर जेवून राह्यले!" असं खेकसत त्यांनी पोपटानं टोचलेला एक पेरू उचलला, धोतराला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला.

"खा. त्यानं गोडच निवडला हाय."