कडक पृथ्वी

आमच्या बुऱ्हाणपूरच्या वाचनालयात त्या साली शास्त्रीय पुस्तकांचा एक गठ्ठा आला, आणि तो सगळ्यात आधी मी वाचला. शाळामास्तराला चारनंतर दुसरा उद्योग नसतो. वाचलेल्या पुस्तकावर मत देणं मी माझं कर्तव्य समजतो, कुणी विचारलं नसलं तरी.

पहिली कादंबरी चंद्रावर जाणाऱ्या चौघांची. लेखकानं त्यांच्याबरोबर दुर्बीण दिली, बंदूक दिली, हवा भरलेल्या पिशव्या दिल्या. लोणचं दिलं नाही. एवढ्या लांबच्या प्रवासाला माणूस लोणच्याशिवाय निघतो हे मला पटलं नाही, आणि म्हणून पुढचा चंद्रही पटला नाही. दुसरं पुस्तक जंतूंवरचं. चांगलं आहे, पण जेवताना वाचू नये. तिसऱ्यात फार पुढच्या काळातले लोक होते. ते जेवणाऐवजी गोळी गिळत. ह्या लेखकानं पंगत पाहिली नसावी. गोळीनं भूक भागेल, पण आग्रह कसा करायचा? यजमान वाकून वाकून 'माझी शपथ, एक गोळी तरी घ्याच' म्हणत चालला आहे, हे मी वाचनालयात उभं राहून करून दाखवलं. दोन सभासदांनी वर्तमानपत्र खाली केलं. आमच्या गावात एवढी दाद पुष्कळ झाली.

चौथी कादंबरी मंगळावरची. तिच्याकडे वळण्याआधी माझ्या धाकट्या बहिणीचं सांगायला हवं.

तेव्हा गावावर इंग्रजाचं राज्य होतं आणि आमच्या घरावर मंगळाचं. बहिणीच्या पत्रिकेत तो सातव्या घरात होता, कडक. दोन स्थळं पत्रिका पाहून परत गेली होती. तिसरं गावातलंच, राजघाटाच्या वाटेवरचं. पाहायला आले तेव्हा बाकीच्यांनी पुरण आणि शिवण विचारलं; मुलानं विचारलं, "काय वाचता?" मंडळी गेल्यावर ती कंदिलाच्या काचा पुसत बसली. काचा सकाळीच पुसलेल्या होत्या. हे स्थळ हुकलं तर ह्या खेपेला नुसतं वाईट वाटून भागणार नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

मुलगा तयार होता. वडलांची हरकत नव्हती. आईची होती. पोरगी चांगली आहे पण मंगळ नको, असं त्यांचं म्हणणं. दिवाळीनंतर कळवतो, असा निरोप आला होता.

"दादा, तू जाऊन बोल ना," बहीण म्हणाली.

"कुणाशी? मंगळाशी?"

"मंगळ माझ्या सातव्या घरात गप बसून आहे. रोज उठून दुसऱ्याच्या घरात बसायची सवय तुला आहे."

मुलाचे वडील तहसिलीतले पेन्शनर. डोळ्यांत मोतीबिंदू आल्यापासून त्यांना कुणी वाचून दाखवणारं हवं असे. मी चौथी कादंबरी काखेत मारून गेलो. काका झोपाळ्यावर, काकू उंबऱ्याशी कापसाच्या वाती वळत बसलेल्या. आपलं लक्ष नाही असं दाखवायला वातींइतकं सोयीचं काम नाही.

कादंबरीत असं होतं की मंगळावर माणसं राहतात, पण पाऊस नाही. म्हणून ती ध्रुवावरचा बर्फ वितळवून दूरदूरपर्यंत कालव्यांनी पाणी आणतात.

"उघडे कालवे?" काकांनी मला थांबवलं.

"उघडे."

"वर ऊन आहे?"

"आहे."

"मग अर्धं पाणी वाटेतच उडून जाईल. येडे आहेत का? आपल्याकडं बादशहाच्या कारागिरानं डोंगराचं पाणी जमिनीखालून गावात आणलं. त्या भुयारावरच्या विहिरीसारख्या कुंडीत डोकावून पाहा, भर उन्हाळ्यात गार. ह्या लोकांनी एकदा इथं येऊन पाहून जायला पाहिजे."

दुसऱ्या गावात लोक मंगळावर माणसं असण्याला हरकत घेतात. आमच्याकडे माणसं मंजूर, कालवे नामंजूर.

दुसऱ्या बैठकीला मी पुढचं प्रकरण काढलं. त्यात कालवे खणणाऱ्या तरुणाचं लग्न ठरतं. उंबऱ्याशी वाती थांबल्या.

"लग्नं होतात तिकडं?" काकूंनी विचारलं.

"होतात."

"पत्रिका पाहून?"

"ते लेखकानं लिहिलेलं नाही."

"लिहायचं राहिलं असंल. पत्रिकेबिगर कोण पोरगी देऊ राहिलं?" लोणच्यासारखंच हे, असं मला वाटतंय तोवर काकूंनी पुढं विचारलं, "मग तिथल्या एखाद्या पोरीला मंगळ असला तर?"

"अगं, ते मंगळावरच उभे आहेत," काका म्हणाले. "पायाखालचा ग्रह पत्रिकेत कसा येईल?"

"मग आभाळात काय दिसतं त्यांना?"

मी पान उलटून पाहिलं. "पृथ्वी. हिरवट ठिपक्यासारखी."

काकूंनी हातातली वात खाली ठेवली.

"म्हणजे कुण्या पोरीला कडक पृथ्वी असंल."

"असणारच," काका म्हणाले. "सातव्या घरात."

"अन् तिचं लग्न आपल्यापायी अडलं असंल."

 मी पानात बोट घालून पुस्तक मिटलं.

"पण आपण काय केलं हो तिचं?" काकूंनी हे मला विचारलं, मी तिकडचा निरोप घेऊन आल्यासारखं. "मी इथं वाती वळू राहिली. ती पोरगी मला ठाऊक बी नाही. अन् तिची होणारी सासू तिकडं आपल्या नावानं बोटं मोडू राहिली."

"तिला कोण सांगणार?" काका म्हणाले.

"कोणीतरी सांगायला पाहिजे ना."

मी पुढं वाचायला लागलो. काकूंनी हातानंच थांबवलं.

"मास्तर, तुमच्या बहिणीला वाती वळता येतात?"

"येतात," मी म्हणालो. वाकड्या येतात, पण प्रश्न तसा नव्हता.

"मग येऊ द्या तिला. मंगळाची शांत मात्र करायची. आपल्या बाजूनं कमी नको."

तुळशीचं लग्न झाल्यावर आमच्या बहिणीचं झालं. पंगतीत मी असा आग्रह केला की वरपक्षाच्या दोन पाहुण्यांची परतीची गाडी चुकली आणि ते स्टेशनावर आडवे झाले. गोळीत हे साधलं नसतं.

आता मत. कादंबरी म्हणून मंगळाचं पुस्तक बेताचंच आहे. शेवट घाईत उरकलाय, आणि नायिका तीनदा रडते, ती का रडते हे लेखकालाही माहीत नसावं. बहिणीनं सासरी ते नवऱ्याबरोबर वाचलं आणि दोघांनाही आवडलं नाही, असं तिनं पहिल्या माहेरपणी मोठ्या आनंदानं सांगितलं. तरी उपवर मुली असलेल्या सगळ्या सभासदांना मी तेच पुस्तक न्यायला सांगतो.

एकदा काकूंनी मला दारातच गाठलं.

"मास्तर, शनीवर राहतं का हो कोणी? ह्यांना साडेसाती लागू राहिली."

पाहून सांगतो, म्हणालो. वाचनालयात शनीवर काही नव्हतं. मी चिटणिसांकडे मागणी केली. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, घरगुती.