बंद घरात आलेली जाहिरात

सर्वांना जय भीम. आधीच सांगते, आमच्या घरात भुताखेताला थारा नाही. अंगारे-धुपारे माझ्या वडिलांनी कधीच घराबाहेर काढले. कोणाच्या अंगात आलं की मी आधी विचारणार, "जेवलीस का गं?" त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

आम्ही बदलापूर पूर्वेला राहतो. तळमजला, मागच्या बाजूचा फ्लॅट. खिडक्यांना ग्रिल, समोर कंपाउंडची उंच भिंत, पलीकडे बंद पडलेला गाळा. मोबाईलला रेंज नाहीच, फोन लागतो तो वायफायवर. घरात मुलगा मिलिंद, सून प्रज्ञा, मी आणि आक्का. आक्का म्हणजे माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण. हे गेले, त्यानंतर आम्ही अंबरनाथचं घर सोडून इकडे आलो, तेव्हा ती आमच्यासोबतच आली. तिला विसरण्याचा आजार आहे, वर शुगर.

टॅबवर भीमगीतं लावून दिली की आक्का खूश. पण ते अ‍ॅप फुकटातलं, दर दोन गाण्यांनी जाहिरात! त्यात एक फर्निचरवाला ओरडायचा, "वाट कसली बघताय? आत्ताच या!" की आक्का निघालीच. निऱ्या सारख्या करून दारात उभी. "सुमन, चल गं. माणूस एवढा बोलावतोय, बरं दिसत नाही."

हसू नका. एकदा ती अशीच निघाली ती चामटोलीच्या रस्त्याला सापडली. मी किल्ली कुठेही लपवली तरी शोधायची. शेवटी मिलिंद-प्रज्ञा कामावर जाताना सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप घालायला लागले. किल्ली समोरच्या लाजो भाभीकडे. मला काही लागलं तर भाभीला फोन करायचा. "मम्मी, थोडेच दिवस," मिलिंद म्हणाला. थोडे म्हणजे किती, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ग्रिलमधून भिंत बघत बसायची सवय होते हो माणसाला.

मग मी ठरवलं, जाहिरातच घरात शिरू द्यायची नाही. व्हिडिओ बघून बघून शिकले. राउटरमध्ये डीएचसीपी असतं. चाळीत नवा भाडेकरू आला की खोली नंबर देणारा मालक समजा. नंबर मिळाला नाही तर फोन नुसता दारात उभा. आणि डीएनएस म्हणजे नाव सांगितलं की पत्ता सांगणारा. त्याच्या जागी आपला माणूस बसवायचा, कोणी जाहिरातवाल्याचा पत्ता विचारला की त्याने हात वर करायचे. आपला माणूस म्हणजे तळहाताएवढा एक कॉम्प्युटर. बसवला. जाहिराती बंद! प्रज्ञा म्हणाली, "आई, तुम्ही तर आयटीवाल्या झालात." मी अशी फुगले...

तरी एखादी जाहिरात निसटायची. म्हणून नंबर देण्याचं कामही त्या छोट्याकडेच द्यायचं ठरवलं, म्हणजे प्रत्येक फोन पत्ता त्यालाच विचारेल. एका घरात दोन मालक नकोत, तेव्हा राउटरचं डीएचसीपी आधी बंद करायचं. दुपारी बसले, बंद केलं, सगळं रीस्टार्ट केलं. राउटर उठला. छोटा उठलाच नाही. त्याचं मेमरी कार्ड गेलं होतं.

फोनवर अक्षरं, 'आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे...' मिळवत आहे, मिळवत आहे. देणाराच नाही तर मिळणार काय? राउटरच्या पानावर जाऊन परत सुरू करावं, तर त्यालाही नंबर लागतो. (नंबर हाताने घालता येतो, हे मला नंतर कळलं. खाली कमेंटमध्ये लिहू नका.)

आणि आतून आक्का कण्हली.

घामाने भिजलेली, डोळे अर्धवट. इन्सुलिन दिलं होतं, ताट रिकामं बघून मला वाटलं जेवली. पोळ्या उशीखाली निघाल्या! साखर उतरलेली, दातखीळ बसलेली. साखर हिरड्यांना चोळली, अर्धी गालावरून खाली आली. लाटण्याने सेफ्टी डोअर बडवलं, "भाभी! अहो कोणी आहे का?" जिना रिकामा. लाजो भाभी गच्चीवर पापड घालायला गेली होती, फोन तिच्याजवळ. म्हणजे एक फोन लागला असता ना... बस, एक फोन. मी जाळीतून हात घालून कुलपात उलथनं घातलं, ते वाकलं. बाहेर ऊन, वारा, माणसं, आणि आम्ही दोघी डब्यात.

तेवढ्यात आतल्या खोलीत टॅब ओरडला, "वाट कसली बघताय? आत्ताच या!"

नेट नसताना! मी फोन बघितला. वायफाय जोडलेलं. सवयीने आयपीचा नंबर उघडून बघितला: १९२.१६८.७७.५. पुढे काही विचार केला नाही, फोन लावला. "भाभी, किल्ली! आक्का..." "आयी दीदी, आयी!" आणि कट. पुन्हा 'मिळवत आहे'.

भाभी पिठाच्या हातांनी धावत आली. रिक्षा, कोपऱ्यावरचे डॉक्टर, सलाईन. आक्काने डोळे उघडले आणि म्हणाली, "चहा नाही का गं?"

संध्याकाळी मिलिंदने सगळं तपासलं. छोटा मेलेला, राउटरचं डीएचसीपी बंदच. आमच्या घरात सत्याहत्तरचे नंबर नाहीतच. ते होते अंबरनाथला. "सगळ्यांचं एक असतं, आपलं वेगळं पाहिजे," म्हणून ह्यांनी घातलेले. आणि पाच नंबर राखून ठेवलेला, आक्काच्या फोनला. तो राउटर माळ्यावर आहे, पण त्याचा अ‍ॅडॉप्टर सामान हलवताना हरवला. फोनला जुनं आठवलं म्हणावं, तर माझा फोन इकडे आल्यावर घेतलेला.

"मम्मी, घाबरल्यावर माणूस काहीही बघतो," मिलिंद म्हणाला.

लाजो भाभी तिथेच होती. "पर दीदी, फोन पे पीछे कोई आदमी चिल्ला रहा था, आत्ताच या, आत्ताच या. मैंने सोचा, बंद घर में कौन आ गया?"

दुसऱ्या दिवसापासून बाहेरचं कुलूप गेलं, किल्ली माझ्या गळ्यात आहे. राउटर पूर्वीसारखा केलाय, छोटा कपाटात.

त्या दुपारी नंबर कोणी दिला, मला माहीत नाही. तुम्हाला कळलं तर सांगा, मी ऐकेन. पण आता जाहिरात लागली, आक्का निऱ्या सारख्या करायला लागली, की मी चपला काढते. दोघी गेटपर्यंत जातो, जरा उभ्या राहतो, परत येतो.

कोणी एवढं बोलावलं आणि आपण गेलो नाही, तर बरं दिसत नाही.