तात्यांची दाढ

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका, म्हणजे तात्यांइतका, स्वतःच्या मराठीबद्दल निःशंक माणूस महाड-पोलादपूर पट्ट्यात दुसरा सापडायचा नाही. मी महाडात शाळेवर मराठी शिकवतो, पण तात्यांच्या लेखी माझे बोलणे म्हणजे बोबडेपणा. "पाऊस थांबला आहे," एवढेच मी म्हणतो आणि ते बहिणीकडे वळून विचारतात, "पावणं काय म्हनतायत गो?" कशेडी घाटापलीकडची माणसे गातात, आंबेनळी घाट चढून गेले की नुसती ओरडतात, बोलतो तो फक्त आपल्या खोऱ्यातला माणूस, हा त्यांचा सिद्धांत.

गेल्या आषाढात शेजारच्या चुलतभावाने त्यांची दाढ, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपे, उपटून नेली. तात्या तडक चौकीवर गेले. हवालदार नवा, घाटावरचा. "माझी दाढ उपटली," हे ऐकून त्याने मारहाणीची तक्रार लिहून घेतली आणि तात्यांना दवाखान्यात धाडले. सरकारी कामाची असेल काही रीत, म्हणून तात्याही गेले. त्यांच्या तोंडात कैक वर्षांपासून एकही दात नाही. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे तसा दाखला दिला. तो दाखला पाहून, सगळे दात आपल्याच नावावर लागणार म्हणून, चौकीवर बोलावलेल्या चुलतभावाला घाम फुटला.

"साहेब, तोंडाला हात नाय लावला! शेतातलीच दाढ नेली, आयशप्पत!"

अशी चोरी आपोआप कबूल झाली. मग दुभाषी म्हणून मला बोलावणे आले. नेलेली रोपे परत आणून चुलतभावाने स्वतः लावून द्यायची, अशी तडजोड झाली. पण जबाब वाचून दाखवताना 'रोपे' ऐकताच तात्यांनी शाई लावलेला अंगठा मागे घेतला.

"दाढ लिवा."

"तात्या, दाढ हा बोलीतला शब्द. भाषेत रोपेच म्हणतात," मी समजावले.

"पेन ह्यांच्या हातात, म्हनून ह्यांची भाषा. माझ्या हातात विळा, म्हनून माझी बोली?"

मग मीच, व्याकरणाच्या मास्तराने, हवालदाराला 'रोपे' खोडायला सांगितले. त्याने 'दाढ' लिहिले, तेव्हा कुठे अंगठा उमटला.

त्यांना स्कूटरवरून घरी सोडत होतो. वाडीचा चढ लागला तसा तात्यांनी माझा खांदा पकडला. मग मागून म्हणाले, "मुंबईची नातवंडं आपसांत हिंदीत भांडतात. मे महिन्यात येतील, तेव्हा त्यांस शिकवा."

"कुठली मराठी शिकवू, तात्या?"

दोन्ही बाजूंना मुंबईला गेलेल्यांची, कुलपे लावलेली घरे मागे पडत होती.

"तुमचीच शिकवा," ते म्हणाले. "माझ्याशी भांडतील तरी."