सावंतकाकांची लायब्ररी

आमच्या ऑफिसात माणसं चार आणि किस्से चाळीस! लोकांना वाटतं, सर्किट बोर्डाचं डिझाइन म्हणजे रुक्ष काम. अहो, चार जण एकाच सॉफ्टवेअरमध्ये काम करतात आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतं, तिथे किस्से आपोआप जमतात.

लालबागच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. बोर्डावर बसणाऱ्या प्रत्येक पार्टचं चित्र आणि मापं सॉफ्टवेअरमध्ये एका जागी ठेवलेली असतात, तिला म्हणायचं लायब्ररी. ती सांभाळतात कणकवलीचे सावंतकाका.

*

एकदा काकांना लायब्ररीत एकच रेझिस्टर अकरा नावांनी सापडला. 'न्यू', 'फायनल', 'फायनल टू', 'हाच वापरा'...

काका कपाळाला हात लावून म्हणाले, "माणूस एक आणि रेशनकार्डां अकरा!"

त्यातली चार कार्डं माझी होती.

*

मग आमच्या बॉस केतकीताईंनी दारावर कागद चिकटवला : 'लायब्ररीत काहीही टाकण्याआधी सावंतांना विचारा.'

दुसऱ्या दिवशी एक आजोबा जड पिशवी घेऊन हजर. "सावंत कोण? विचारायला आलोय. जुने दिवाळी अंक टाकायचेत."

काकांना नाही म्हणवेना. आजही आमच्या कपाटात छत्तीस दिवाळी अंक आहेत. एकही डबल नाही, काकांनी तपासलंय!

*

मला नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. एका कनेक्टरचं चित्र कंपनीने खालून दाखवलं होतं, मी ते वरून समजले. चाळीस बोर्ड बनून आले आणि सगळ्यांचं डावं-उजवं उलटं! नोकरी गेली तर नायगावला घरी काय सांगू, या विचाराने मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

बाहेर आले तर काका ताईंच्या केबिनमध्ये. "पोरीने काढलं, पण तपासून पास मी केलं. बोलायचं तर मला बोला."

मग दोन दिवस आम्ही दोघांनी एकेका बोर्डावर हाताने वायरी जोडल्या. चाळिसावा संपल्यावर काका म्हणाले, "आता तू जन्मात विसरूची नाय गो. मी पण!"

*

एका कस्टमरचा इंजिनिअर फोनवर वैतागला. "काका, इंटरनेटवर सगळे पार्ट तयार मिळतात. डाउनलोड करा ना! तपासत काय बसता?"

"साहेब, माझ्या मुलीला स्थळंसुद्धा इंटरनेटवरूनच येतात. चौकशी केल्याशिवाय होकार देतो काय?"

पलीकडून हळू आवाज आला, "काका, माझ्या बहिणीला एक आलंय. चौकशी नेमकी कशी करायची?"

तो फोन पाऊण तास चालला.

*

गेल्या वर्षी काकांची अँजिओप्लास्टी झाली. परळच्या हॉस्पिटलमध्ये मी भेटायला गेले. काका कॉटवर, छातीला वायरी लावलेल्या, चेहरा उतरलेला. उशाशी मॉनिटर. त्यावरचं नाव बघून मला एकदम उत्साह आला.

"काका, हा आपल्या कस्टमरचा! ह्याच्या आत आपला बोर्ड आहे!"

काकांनी उशीवरून मान वळवून बघितलं. "लायब्ररी कोणी तपासलेली?"

"तुम्हीच, काका! एकेक पार्ट. आता बिनधास्त झोपा."

काका बराच वेळ त्या धावणाऱ्या हिरव्या रेघेकडे बघत राहिले. मग हळूच हात लांब करून त्यांनी बेल दाबली.

सिस्टर धावत आली. "काय होतंय काका?"

"काय नाय हो," काका म्हणाले, "दुसरो मॉनिटर मिळात काय?"