मागून बसलेली व्हॅन

ती पांढरी व्हॅन अजून माझ्या डोळ्यांसमोर डुलते. तेव्हा मी इकडे परदेशात, वेरिबी भागात पोलीस गस्तीवर होते. भर दुपारी एका ट्रकवाल्याचा फोन आला: हायवेवर एक व्हॅन झोकांड्या खातेय, ड्रायव्हर प्यायलेला दिसतो. मी ती गाठली, बाजूला घेतली, श्वासचाचणी केली. दारूचा थेंब नाही! चालक चाळिशीतला, आपल्या पुण्याचाच निघाला. मी मराठीत बोलले तसा खुलला.

"मावशी, मग सोडाल ना?"

"मावशीच तर कान धरते. गाडी केवढी बसलीये मागून! आत काय भरलंयस?"

"सामान. मागे स्प्रिंगचे जादा पाटे घातले, शॉकअप नवे टाकले. तरी डुलतेच."

खोटं बोलणारा माणूस उत्तरं लांबवतो, हा माझा अनुभव. याची तुटक होती. वजनकाट्यावर नेलं. एकूण वजन नियमात, मागच्या चाकांच्या एक्सलवर मात्र जास्त. अशी गाडी मला सोडता येत नव्हती. तसं सांगितलं, तर हळूच म्हणाला, "गाडी ठेवून घेतलीत तर आज झोपू कुठे? मी हिच्यातच राहतो."

मागचं दार उघडायला लावलं. हत्यारांची पेटी, बॅटऱ्या, पाण्याचे कॅन, सगळं पार दाराशी रचलेलं. मागे एवढा भार, म्हणजे पुढची चाकं हलकी. स्टिअरिंग ऐकणार कसं? आणि ड्रायव्हरच्या सीटमागे चांगली मोकळी जागा, पडदा लावलेली.

"तिथे का नाही ठेवलंस रे?"

मी पडदा सारला. आत छोटासा देव्हारा, ताजं फूल वाहिलेलं.

"देवाला खेटून लोखंड कसं रचू, मावशी? घटस्फोटात घर तिच्याकडे गेलं, देव माझ्याकडे आले. दिवसभरात मराठी बोलतो ते यांच्याशीच."

मला हसू आलं नाही. "मग देवाला पुढे बसव की. शेजारची सीट कुणाची?"

"कुणाचीच नाही."

त्यानं कॅनमधल्या पाण्यानं हात धुतले, देव्हारा सीटवर ठेवला, बेल्ट लावला. जड सामान आम्ही दोघांनी पुढे ओढून घट्ट बांधलं. पुन्हा काटा केला. मागचा भार नियमात आला. व्हॅन सरळ निघून गेली.

तेव्हापासून गाडी थांबवली की लायसन्स बघताना मी विचारायची, बरोबर कोण आहे? 'कुणी नाही' म्हणाला, तर दोन शब्द जास्त बोलायची. आता रिटायर होऊन ग्लेन वेव्हर्लीला एकटी राहते. सिग्नलला पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली, की वाटतं, घ्यावं बाई यांनी मलाही बाजूला.