डॉक्टरांची तीन बोटं
स्पिरिटचा वास आला की शहाद्याच्या धर्मशाळेतलं डोळ्यांचं शिबिर आठवतं. आईचा मोतीबिंदू काढायचा होता. आधी नजर मोजायला डॉक्टरांनी बोटं धरली, “किती?” आई डोळे बारीक करून पुढे वाकली. रांगेतल्या बाया हसल्या. मला राहवलं नाही. शाळेत असताना मैत्रिणीला उत्तर सांगायचे तसं मागून तिच्या पाठीवर तीनदा दाबलं. “तीन शेतस!” आई म्हणाली. डॉक्टर म्हणाले, “हिला दिसतंय की! अजून पिकला नाही, पुढच्या वर्षी आणा.” बाहेर आल्यावर आई म्हणाली, “माले तं नुसता धूर दिसस, पोरी.” आत जाऊन खरं सांगायचं, तर मला परक्या पुरुषाशी बोलायची लाज वाटली. पुढच्या शिबिराआधीच आई गेली. त्याआधी झालेल्या माझ्या तान्ह्या मुलीचं तोंड तिनं हातांनी चाचपूनच पाहिलं. आज मी कुठल्याही डॉक्टरशी बोलते. तेव्हा ते दार चार पावलांवर होतं.