मी न सांगितलेला आवाज

लोक त्यांना कानवाले मिस्त्री म्हणत, पण तो माणूस ऐकायचा पायांनी. गाडीच्या मागून आवाज येतो म्हटलं की मिस्त्री चपला काढून मागच्या सीटवर बसत, अनवाणी तळवे मागची चाकं फिरवणाऱ्या एक्सेलच्या वरच्या पत्र्याला टेकवत आणि डोळे मिटून म्हणत, "चाला जी." चारेक किलोमीटरनंतर डोळे उघडत, तेव्हा चाक कोणतं आणि बिघाड कशाचा हे ठरलेलं असे. "मागचं चाक लाजते भाऊ," ते म्हणत. "समोर बसलं तं त्याचं बोलणं समजत नाही."

नवेगाव बांधच्या रस्त्याला त्यांची टिनाची शेड होती. मी तेव्हा माझी जीप चालवायचो, पाहुण्यांना नागझिऱ्याला न्यायचो. जीपला दुसऱ्या कुणाचा पाना मी कधी लागू दिला नाही.

गिऱ्हाइकाने आधी तो आवाज तोंडाने काढून दाखवायचा, हा त्यांचा नियम. चांगली वजनदार माणसं त्या शेडमध्ये उभी राहून घर्रघर्र, टकटक करीत. एका गुरुजींना काही केल्या जमेना. शेवटी त्यांच्या बाई वैतागून म्हणाल्या, "अहो, यांच्या घोरण्यासारखा आहे जी!"

मिस्त्रींनी गंभीरपणे विचारलं, "श्वास घेतानाचा का सोडतानाचा?"

"घेतानाचा."

"मंग बेरिंग."

आणि निघालंही बेरिंगच. गुरुजी मात्र पुढे कितीतरी दिवस त्या रस्त्याने गेले नाहीत.

मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, तुमाले सारं समजते, तं लोकायले कायले नाचवता?"

"मी एक फेरी बसतो भाऊ. तुमी रोज बसता," ते म्हणाले. "गाडी तुमाले जे सांगते, ते मले एका फेरीत कशी सांगन?"

हे वाक्य मला पुरतं समजलं होतं. समजलं नव्हतं असं आता म्हणता येणार नाही.

एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्या जीपमधून दोन आवाज येत होते. ब्रेक दाबला की मागच्या उजव्या चाकात 'चीं' व्हायचं. आणि वेगात उजवीकडे वळलं की डाव्या बाजूला खोलवर गुरगुर. हा दुसरा आवाज एक्सेलच्या बेरिंगचा असणार, हे इतकी वर्षं त्या शेडमध्ये बसून मलाही कळत होतं. पण एक्सेल उघडला की सामान गोंदियाहून येईपर्यंत गाडी उभी राहणार, आणि दुसऱ्या दिवशीचे पाहुणे ठरलेले. मी फक्त 'चीं' काढून दाखवलं.

"वळणावर काही बोलते का?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही."

फेरीला मी बांधाकडचा सरळ रस्ता धरला आणि गाडी हळू ठेवली. परतल्यावर मिस्त्रींनी उजवं चाक उघडून ब्रेकचे शू साफ केले. मग पाना घेऊन ते डाव्या चाकाकडे वळले, तेव्हा मी म्हणालो, "त्याले कायले हात लावता? आवाज एकच आहे."

"तुमी म्हणता तं राहू द्या," ते म्हणाले आणि मला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी एका उजव्या वळणावर डावा एक्सेल चाकासकट बाहेर आला आणि जीप धानाच्या बांधीत उलटली. पाहुण्यांचं खरचटण्यावर निभावलं. पाहुण्यांसोबत बसलेल्या आमच्या गाईडचा पाय जीपखाली दबला. जंगलात दिवसभर चालणारा तो माणूस पुन्हा सरळ चालला नाही.

मिस्त्री सायकलवर आले. चिखलात बसून त्यांनी तुटलेल्या बेरिंगमधून बोट फिरवलं. "हे एका दिवसाचं नाही भाऊ," ते म्हणाले. "महिनाभर ओरडत असन. वळणावर आवाज नव्हता?"

भोवती पंधरा-वीस माणसं उभी होती. मी म्हणालो, "नव्हता, मिस्त्री."

त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "मंग मलेच ऐकू नाही आलं," ते म्हणाले.

जीप स्टँडवर कानवाल्यांचे 'बहिरे मिस्त्री' झाले. हा विनोद व्हायचा तेव्हा मी तिथेच चहा पीत बसलेलो असायचो. तरीही काही लोक त्यांच्याकडे गाड्या नेत. मिस्त्रीच नको म्हणत. वर्षाच्या आत त्यांनी शेड मोडली.

गेल्या वर्षी ते वारले. महिनाभराने मी त्यांच्या घरी गेलो आणि वहिनींना सारं सांगितलं. त्या सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होत्या. हात थांबले.

"घरात कुकर लावला तं मले विचारत," त्या म्हणाल्या, "शिट्टी झाली का वो? समोर बसून राहत, तरी विचारत. मी म्हणो, ऐकू तं येते तुमाले. तं म्हणत, माझा भरोसा नाही." मग त्यांनी विचारलं, "हे तुमी त्याईले काऊन नाही सांगतलं?"

मी त्या दिवाळीच्या पाहुण्यांचं कारण सांगू लागलो.

"मले नोका सांगू. त्या गाईडले जाऊन सांगा."

गेलो. गाईड आता साठीला आला आहे. ओसरीवर काठी जवळ घेऊन बसला होता. तो शिव्या देईल, काठी उगारेल, अशी तयारी करून मी सगळं सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"दोनदा आले होते मिस्त्री," तो म्हणाला. "माफी मागाले. उन्हात उभे होते. मी दार नाही उघडलं."

आपल्या पायाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. काठी घेऊन उठला, दारापर्यंत गेला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "तुमी जा जी आता."